मल्टिगन नेमबाजीतल्या बंदुका आणि स्कोप : निवड आणि ट्यूनिंग

मल्टिगन म्हणजे एकाच मॅचमध्ये वेगवेगळ्या जातीच्या बंदुका घेऊन, पळत, वळत, टायमर लावून खेळायची नेमबाजी. बहुतेक वेळा बंदुका तीन असतात, रायफल, शॉटगन म्हणजे आपल्याकडची बारा बोअर, आणि पिस्तूल, म्हणून थ्री-गन असंही म्हणतात. खेळ अमेरिकेतला. तिथल्या मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावात १९७६ साली आयपीएससी ही प्रॅक्टिकल शूटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष, आणि तीन बंदुका एकत्र खेळवायची पद्धत १९८०च्या दशकात तिकडे चांगली रुजली. बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या पट्ट्यात हा खेळ जसाच्या तसा खेळता येत नाही, कायद्यात बसत नाही, ते पुढं सांगितलंय. पण बंदूक अंगाला बसते का बघणं, स्कोप चढवणं, झिरो करणं म्हणजे नेम धरला तिथंच गोळी लागेल असा स्कोप जुळवणं, हे सगळं इथं छऱ्याच्या बंदुकीवर नेम शिकणाऱ्याला रोज लागणारं आहे, आणि गावात मराठा सेंटर, घराघरात फौजेतला कोणीतरी, कॉलेजात एनसीसी, त्यामुळं विषय तसा कुणाला परका नाही.

खेळ कसा चालतो

एका फेरीला स्टेज म्हणतात. बझर वाजला की समजा आधी शॉटगननं लोखंडी प्लेटी पाडायच्या, मग ती सेफ्टी लावून ठरवलेल्या ड्रममध्ये ठेवायची, तिथून पळत जाऊन रायफल उचलायची, ७ मीटरवरचे कागद मारायचे आणि लगेच २०० मीटरवरची प्लेट, शेवटी पिस्तूल. जेवढे सेकंद लागले तो स्कोअर, चुकलेल्या टार्गेटमागे सेकंद वाढतात, ज्याचा वेळ कमी तो पुढं. सेफ्टी न लावता बंदूक ड्रममध्ये टाकली किंवा नळी ठरलेल्या रेषेमागं वळली की खेळाडू थेट मॅचमधून बाद, तिथं कुणाचं काही चालत नाही आणि चालूही नये.

कुणाला कुठली बंदूक आणि किती स्कोप चालतात हे डिव्हिजनवर ठरतं. सगळ्यात जास्त गर्दी टॅक्टिकल नावाच्या गटात असते, त्यात रायफलवर एकच मोठं दाखवणारा स्कोप चालतो. ओपनमध्ये जवळजवळ काहीही चालतं, पिस्तुलावर रेड डॉट म्हणजे काचेत नेमाचा लाल ठिपका दाखवणारी, काही मोठं न करणारी साइट, रायफलवर मोठ्या स्कोपशेजारी ४५ अंशात तिरका बसवलेला छोटा डॉट, सगळं. लिमिटेडमध्ये मोठं दाखवणारा स्कोप नाही. हेवी मेटल नावाचा गट वेगळाच आहे, .३०८ची रायफल, .४५चं पिस्तूल आणि पंप म्हणजे हातानं मागंपुढं सारून चालवायची बारा बोअर, जोरदार धक्क्याचं काम. नियम पुस्तकागणिक थोडे बदलतात, म्हणून आधी गट ठरवायचा आणि मग दुकानात जायचं.

निवडीत माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते एका गोष्टीकडं. लोक तीन वेगवेगळ्या उत्तम बंदुका घेतात, पण त्या एकाच माणसाच्या हातात अर्ध्या मिनिटात फिरणार असतात, आणि एकीचा चाप काचेसारखा तुटतो, दुसरीचा गावच्या विहिरीच्या रहाटासारखा ओढावा लागतो, एकीला खांदा पुढं घ्यावा लागतो आणि दुसरीला मान खाली, मग तिसऱ्या बंदुकीपर्यंत हात गोंधळतो. तिन्ही थोड्या साध्या असू देत पण एकमेकीच्या बहिणी वाटल्या पाहिजेत, सेफ्टीची जागा, चापाचं वजन, गाल टेकवल्यावर डोळा कुठं येतो, हे जुळलं की वेग आपोआप येतो.

रायफल आणि तिच्यावरचा स्कोप

रायफल बहुतेकांकडं एआर-१५ जातीची, .२२३ किंवा ५.५६, नळी १६ ते १८ इंच, तोंडाला कॉम्पेन्सेटर म्हणजे गॅस बाजूला फेकून झटका मोडणारा तुकडा. नळीच्या आतल्या पिळाला ट्विस्ट म्हणतात, ८ इंचात एक फेरा असेल तर ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं बारीक माप) हलकी गोळी आणि ७७ ग्रेनची जड लांब गोळी दोन्ही बऱ्यापैकी सांभाळतो. बरेच जण गॅस ब्लॉक ॲडजस्टेबल बसवतात आणि गॅस कमी करत करत झटका मऊ करतात, पण इथं लोभ नको. अगदी काठावर ट्यून केलेली रायफल घाण साचली की किंवा थंडीत अडकते, आणि एक अडकलेलं काडतूस काढायला जेवढा वेळ जातो तेवढा मऊ झटक्यानं पूर्ण मॅचमध्ये वाचत नाही. दोन क्लिक गॅस जास्त ठेवावा.

स्कोप मात्र नीट समजून घ्यायचा विषय आहे. एकाच स्टेजमध्ये ७ मीटर आणि २०० मीटर दोन्ही असतात म्हणून १ ते ६ किंवा १ ते ८ पट दाखवणारे स्कोप चालतात, १ वर ठेवला की दोन्ही डोळे उघडे ठेवून रेड डॉटसारखा वापरायचा, लांबची प्लेट आली की रिंग फिरवायची. १ खरोखर १ आहे का हे दुकानात बघायचं, खिडकीची चौकट स्कोपमधून आणि दुसऱ्या डोळ्यानं एकाच वेळी बघितली की वाकलेली किंवा मोठी झालेली लगेच कळते. जाळी म्हणजे रेटिकल दोन जातीची असते, पहिल्या फोकल प्लेनमधली झूमबरोबर लहानमोठी होते, दुसऱ्यातली आहे तेवढीच राहते पण तिच्यावरच्या खुणा एकाच झूमला खऱ्या असतात. घाईच्या खेळात उठावदार, उजेडात दिसणारा मधला ठिपका जास्त महत्त्वाचा, खुणांचं जंगल नको.

चढवताना क्रम असा. आधी मागची काच, भिंत किंवा मोकळं आभाळ याकडं बघून, जाळी पहिल्या नजरेत काळी ठसठशीत दिसेपर्यंत फिरवायची, टक लावून बघायचं नाही कारण डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. मग झूम सगळ्यात जास्त ठेवून गाल टेकवायचा, डोळे मिटून टेकवायचा आणि मग उघडायचे, पूर्ण गोल दिसला पाहिजे, काळी कड आली तर स्कोप पुढंमागं. मग जाळी उभी. यासाठी गवंड्याचा ओळंबा पुरतो, दहा-पंधरा मीटरवर दोरी लटकवायची आणि जाळीची उभी रेघ तिच्यावर बसवायची. शेवटी स्क्रू, एकदम एकच पिळायचा नाही, समोरासमोरचे थोडे थोडे, रिंगचे साधारण २ न्यूटन मीटरच्या आत, नेमका आकडा स्कोपच्या कागदावर असतो. उद्यमबागेतल्या कारखान्यात ज्यानं हायड्रॉलिकचा फ्लँज आवळलाय त्याला हे शिकवावं लागत नाही. स्क्रूच्या डोक्यापासून रिंगवर ऑइल पेंटची एक बारीक रेघ ओढून ठेवायची, रेघ तुटली म्हणजे स्क्रू फिरला.

झिरो म्हणजे स्कोपची शिस्त आणि गोळीचा मार्ग एका ठिकाणी भेटवणं. (शिस्त हा शब्द इथं नेम या अर्थानं, एनसीसीत अजून ‘शिस्त लेना’ असंच शिकवतात.) .२२३ला बरेच जण ५० यार्डांना झिरो करतात, गोळी पुढं जराशी वर जाऊन २०० यार्डांच्या आसपास परत रेषेवर येते, त्यामुळं मधल्या सगळ्या अंतरांना फार विचार करावा लागत नाही. पण स्कोप नळीच्या वर साधारण ६.५ सेंटीमीटर असतो, म्हणून ७ मीटरवर गोळी साडेपाच सेंटीमीटर खाली बसते. नवीन माणूस जवळच्या छोट्या टार्गेटवर चुकतो तो यामुळं, लांबच्यावर नाही.

हे डोळ्यानं बघायचं असेल तर छऱ्याच्या बंदुकीवर दिसतं. माझ्या बंदुकीवर स्कोप नळीपासून साडेचार सेंटीमीटर वर आहे, १० मीटरला झिरो. तोच कागद ३ मीटरवर लावला आणि मधोमध नेम धरून एक छर्रा सोडला, भोक ठिपक्याच्या ३ सेंटीमीटर खाली, काडेपेटीच्या रुंदीएवढं. छर्रा काही पडलेला नाही, तो सरळच गेलाय, डोळा आणि नळी यांच्यातलं अंतर तेवढं आहे. एकदा स्वतः बघितलं की डोक्यात बसतं.

क्लिकचं गणितही इथंच पक्कं होतं. स्कोपची पाव एमओएची (एमओए म्हणजे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर ७ मिलिमीटर हलवते, १० मीटरवर ०.७, म्हणजे १ सेंटीमीटर चूक काढायला १४ क्लिक. आणि एका छऱ्यावर क्लिक फिरवायची नाही, ५ मारायचे, ग्रुप म्हणजे भोकांचा घोळका बघायचा, ग्रुपचा मध्य हलवायचा.

एक अनुभव सांगतो. स्प्रिंगच्या एअर रायफलीवर माझा झिरो दर आठवड्याला सरकायचा, मी स्कोप खराब म्हणून बदलायला निघालो होतो, तेव्हा शेडमधले एक दादा म्हणाले, ‘आधी स्क्रू बघ की रे, मग काचेला नावं ठेव.’ मागच्या रिंगचा स्क्रू अर्धा फेरा सुटला होता. स्प्रिंगची बंदूक आधी मागं आणि लगेच पुढं असा दुहेरी झटका देते, साध्या रायफलीचा स्कोप तिच्यावर टिकत नाही, आणि रिंग रेलवर रांगत मागं जाते, म्हणून स्टॉपर पिन पाहिजेच. शिवाय ती घट्ट आवळून धरली की ग्रुप फाटतो, तळहातावर सैल ठेवायची.

बारा बोअर

बारा बोअर हे नाव मापावरून, नळीत बसेल अशा सारख्या गोळ्या एक पौंड शिशातून बरोबर १२ होतात, व्यास साडेअठरा मिलिमीटर. मल्टिगनमध्ये शॉटगनच जास्त वेळ खाते कारण ती सारखी भरावी लागते, चांगले खेळाडू एका मुठीत चार काडतुसं घेऊन दोन झटक्यांत आत सारतात आणि त्यासाठी भरायच्या तोंडाच्या कडा घासून मोठ्या केलेल्या असतात. सेमी-ऑटोमध्ये, म्हणजे बार झाला की पुढचं काडतूस आपोआप चढवणाऱ्या बंदुकीत, दोन जाती, गॅसवर चालणारी झटक्याला मऊ पण साफसफाई मागते, इनर्शियावर म्हणजे स्वतःच्याच झटक्यावर चालणारी स्वच्छ राहते पण तिला मागं सरकायला मोकळीक लागते, वर फार वजन लटकवलं आणि हलकी काडतुसं घातली की ती अडते.

नळीच्या तोंडाचा चोक छऱ्यांचा फुलोरा आवरतो. पारख जुनी आहे, ४० यार्डांवर ३० इंचाच्या वर्तुळात किती टक्के छर्रे बसले : सिलिंडर साधारण ४०, इम्प्रूव्हड ५०, मॉडिफाइड ६०, फुल ७०. जवळच्या प्लेटींना इम्प्रूव्हड पुरतो. आपल्याच काडतुसांनी मोठ्या कागदावर पॅटर्न बघितल्याशिवाय चोकवर विश्वास ठेवू नये. खानापूरच्या बाजूला डुकरांपासून ऊस-भात राखायला परवान्याची बंदूक बाळगणारी जुनी माणसंसुद्धा नवीन खोक्यातलं काडतूस आधी पत्र्यावर मारून बघायची.

पिस्तूल

इथं पॉवर फॅक्टर येतो, गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट सेकंदात, भागिले १०००. १२४ ग्रेनची गोळी १०५० फुटानं गेली तर १३०, मायनर म्हणजे हलक्या काडतुसांच्या वर्गाला १२५ लागतात म्हणजे पास. मेजर म्हणजे जोरदार वर्गाला १६५. अगदी १२५.५ वर ट्यून करणारे दुसऱ्या दिवशी हवा बदलली की नापास होतात. रिकॉइल स्प्रिंग काडतुसाच्या जोराप्रमाणं, फार कडक असेल तर पिस्तुलाचं तोंड शेवटी खाली आपटतं, फार सैल असेल तर फ्रेमला मार बसतो. रेड डॉटचा ठिपका पिस्तुलावर ६ एमओएच्या आसपास बरा, छोटा असला की हलताना सापडत नाही.

आपल्याकडचा कायदा आणि आपल्याकडची वाट

शस्त्र कायदा १९५९चा, सध्याचे नियम २०१६चे. सर्वसाधारण परवान्यावर सेमी-ऑटो रायफल किंवा सेमी-ऑटो शॉटगन मिळत नाही, ९ एमएम प्रतिबंधित बोअर, २० इंचापेक्षा आखूड नळीची शॉटगनही त्याच यादीत, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका. लेथ शेजारी आहे म्हणून नळी कापणं हा कलम ६ खाली गुन्हा आहे, परवान्याच्या बंदुकीची दुरुस्ती आणि चापाचं काम परवानाधारक मिस्त्रीकडंच. .१७७ची, २० जूलच्या आतली एअर रायफल मात्र विना परवाना, ओळखपत्र दाखवून मिळते. ती बनवणाऱ्यांत प्रेसिहोल आहे, मुळात खोल भोकं पाडायची मशीन करणारी कंपनी, आणि नळी म्हणजे शेवटी एक लांब, सरळ, गुळगुळीत भोकच.

स्पर्धा खेळायची तर एनआरएआय म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची वाट. ही संघटना १९५१ साली ग. वा. मावळंकरांनी, म्हणजे लोकसभेच्या पहिल्या सभापतींनी उभी केली, त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा अजून होते. तिथं स्कोप चालत नाही, १० मीटर एअर रायफलला मागं बारीक भोकाची पीप साइट, दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, बंदूक साडेपाच किलोच्या आत. एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम. शेजारच्या कोल्हापूरनं याच वाटेनं माणसं दिली, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती, राही सरनोबत २०१८ ला जकार्ता-पालेमबांगच्या एशियाडमध्ये सोनं, आणि कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ. थ्री पोझिशनमध्ये एकच रायफल गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायची, प्रत्येक वेळी बट आणि गालाची पट्टी बदलायची, म्हणजे एका बंदुकीच्या तीन बंदुका. मल्टिगनच्या ट्यूनिंगला आपल्याकडं सगळ्यात जवळचं काही असेल तर हेच.

पावसाळा

जून ते सप्टेंबर बेळगावची हवा, आणि जांबोटी-कणकुंबीची तर विचारूच नका, काचेला बुरशी लावते, आणि कोटिंगमध्ये मुळं गेली की ती पुसून जात नाही. फोमच्या बॅगेत बंदूक ठेवू नये, फोम ओल धरतो. प्लॅस्टिकचा घट्ट डबा, आत सिलिका जेल, दर पंधरा दिवसांनी तव्यावर गरम करून परत. नळीला तेलाचा हलका हात, एअर रायफलच्या सिलिंडरमध्ये मात्र साधं तेल नाही, दाबानं पेट घेतं आणि सील जातं. मग खंडेनवमीला शस्त्र बाहेर काढलं की हळदकुंकवाआधी स्क्रूवरची पेंटची रेघ बघून घ्यायची आणि ५ छर्रे कागदावर, कारण चार महिन्यांपूर्वीचा झिरो आता तिथंच असेल असं नाही.