पोर जेवत नाही? आधी उंदराकडे पाहू

‘मुलांचे खाण्याचे नखरे जनुकांमुळेच’ अशा अर्थाच्या मथळ्यांची बातमी सप्टेंबर २०२४ मध्ये जगभर छापून आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या झेनेप नास, क्लेअर लेवेलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २४०० जुळ्यांच्या जोड्यांचा सोळाव्या महिन्यापासून तेराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला होता. एकाच बीजांडातून झालेली जुळी खाण्याच्या बाबतीत एकमेकांसारखी निघतात, दोन बीजांडांतून झालेली तेवढी निघत नाहीत. त्यावरून हिशेब असा निघाला, की सोळाव्या महिन्यात मुलामुलांमधल्या फरकात जनुकांचा वाटा साधारण ६० टक्के असतो आणि तिसऱ्या वर्षापासून पुढे तो ७४ टक्के किंवा त्याहून जास्त होतो.

‘तूच लाडावून ठेवलंयस’ हे ऐकून कंटाळलेल्या आयांना या बातमीने हायसं वाटलं असेल, आणि ते योग्यच. पण तिचा दुसरा अर्थही काढला गेला: जनुकांतच आहे म्हटल्यावर आता करण्यासारखं काय उरलं? हा अर्थ साफ चुकीचा आहे. माणसामाणसांच्या उंचीतला बहुतेक फरक आनुवंशिक असतो, तरी गेल्या शतकात कितीतरी देशांची सरासरी उंची वाढली. जनुकं तीच होती, ताटातलं अन्न बदललं. ७४ टक्के हा आकडा मुलं एकमेकांपेक्षा वेगळी का, एवढंच सांगतो. समोर बसलेलं मूल बदलेल का, हे त्या आकड्याला कुणी विचारलेलंच नाही.

आधी एक भीती बाजूला करू. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. नेमकं याच सुमाराला मूल चालायला लागतं आणि अनोळखी पदार्थाकडे संशयाने बघायला लागतं. कालपर्यंत भोपळा मिटक्या मारत खाणारं पोर आज वरणातलं कोथिंबिरीचं पान चिमटीत धरून ताटाबाहेर काढून ठेवतं. फूड निओफोबिया, म्हणजे नव्या अन्नाची धास्ती. दोन ते सहा या वयात तिचा जोर सर्वांत जास्त असतो. आईच्या कडेवरून उतरून झुडपांपर्यंत पोचणाऱ्या मुलाने दिसेल ते तोंडात घातलं असतं तर धोतऱ्याने किती पोरं गेली असती, याचा विचार केला की ही धास्ती उत्क्रांतीत का टिकली असेल याचा तर्क करता येतो.

जिभेवरचा फरकही खराच असतो. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एका संयुगाची भुकटी उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्सला काहीच नाही. आज आपल्याला माहीत आहे की हा फरक टीएएस२आर३८ नावाच्या कडू-ग्राहकाच्या, म्हणजे कडू चव टिपणाऱ्या जिभेवरच्या प्रथिनाच्या, जनुकातून येतो, आणि कोबी-मोहरीच्या कुळातल्या भाज्यांचा कडवटपणा काही अंशी तोच ग्राहक ओळखतो. ज्युली मेनेला यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवलं, की या जनुकाचा एकच नमुना असला तरी काही मुलांना मोठ्या माणसांपेक्षा जास्त कडू लागतं. तेव्हा ‘मला तर कडू लागत नाही’ हा पुरावा जेवणाच्या पाटावर ग्राह्य धरू नये.

आता उंदीर. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली त्याच्याकडे आहे.

उंदराला ओकता येत नाही. पोटात गेलेलं बाहेर काढायची सोय नसल्यामुळे तो नवं अन्न अगदी थोडं कुरतडतो आणि थांबतो. शेतात झिंक फॉस्फाइडचं आमिष ठेवणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. हे विष लवकर काम करतं. थेट ठेवलं तर उंदीर जरासं खातो, आजारी पडतो आणि वाचला तर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषाचं आमिष ठेवायचा सल्ला देतात. ब्रोमॅडिओलोनसारख्या रक्त गोठू न देणाऱ्या विषाचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, तोवर उंदराने ‘हे चालतं’ असा निर्वाळा दिलेला असतो.

त्या दोन-तीन दिवसांत उंदराच्या डोक्यात काय घडतं? १९५५ मध्ये जॉन गार्सिया यांनी दाखवलं होतं, की गोड पाणी पिताना उंदरांना किरणोत्साराने आजारी पाडलं तर ते पुढे गोड पाणी टाळतात. पुढच्या प्रयोगांत चव आणि आजारपण यांत कित्येक तासांचं अंतर असूनही हे शिक्षण झालं. घंटा वाजली की अन्न मिळतं हे जनावरांना शिकवताना दोहोंत काही सेकंदांचंच अंतर ठेवणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना हे पचायला जड गेलं.

मात्र अंतर वाढवत नेलं की परिणाम फिका पडतो. नव्या चवीनंतर अर्ध्या तासाने विष दिलं तर उंदीर ती चव कडकडीत टाळतो, चार तासांनी दिलं तर तेवढी नाही. याचं सोपं उत्तर म्हणजे मधल्या वेळात चवीची आठवण पुसट होते. जेम्स कॅलट आणि पॉल रोझिन यांनी १९७३ मध्ये या उत्तराची परीक्षा घेतली. त्यांनी उंदरांच्या एका गटाला विषाच्या चार तास आधी ती चव दिली आणि अर्धा तास आधी तीच चव पुन्हा दिली. आता बघा, आठवण पुसट होणं हेच कारण असेल तर या गटाकडे अर्ध्या तासापूर्वीची ताजी आठवण आहे. त्याने चव कडकडीत टाळायला हवी. पण हा गट चार तासवाल्यांसारखाच वागला. म्हणजे पहिल्या घोटानंतरच्या साडेतीन तासांत उंदीर विसरत नव्हता, शिकत होता. ‘प्यायलो, आणि काही झालं नाही.’ हे ‘काही न होणं’ हीच त्याच्या मेंदूसाठी माहिती होती.

मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात शिकवणारं बाहेरून काहीच येत नाही. ना बक्षीस, ना शिक्षा, ना घंटा. फक्त वेळ जातो.

मेंदूत हे कुठे घडतं तेही आता बऱ्यापैकी कळलं आहे. मेंदूच्या बाजूच्या घडीत आत दडलेला इन्सुला नावाचा पट्टा चवींची नोंद ठेवतो. मेक्सिकोतल्या फेडेरिको बर्मुडेझ-रात्तोनी यांच्या गटाला असं आढळलं, की उंदराने नवी चव घेतली की इन्सुलात ॲसिटिलकोलीन हे रसायन भरपूर सुटतं, आणि चव ओळखीची होत जाते तसं ते कमी होत जातं. पुढे २००३ मध्ये त्याच गटाने इन्सुलातले या रसायनाचा संदेश टिपणारे मस्कॅरिनिक ग्राहक बंद करून पाहिले. उंदीर चव घेत होता, पण ती ओळखीची होत नव्हती. पुढच्या वेळी तीच चव, तीच धास्ती. एनएमडीए नावाचे दुसरे ग्राहक बंद केले, तर मात्र ओळख व्हायची ती झाली. इथे कुणाची वाट चुकली असेल तर एवढंच धरून ठेवा: नवी चव ओळखीची होणं ही मेंदूतली खरीखुरी प्रक्रिया आहे, आणि चव घेतल्यावरचा निवांत वेळ हा तिचा कच्चा माल आहे.

मुलांच्या इन्सुलात नळी घालून कुणी मोजमाप केलेलं नाही, अर्थातच. पण त्यांच्या वागण्यातून निघणारं चित्र जुळतं. अमेरिकेतल्या लीअन बर्च यांनी आयुष्यभर मुलांच्या खाण्याचाच अभ्यास केला. १९८७ च्या त्यांच्या प्रयोगात मुलांनी काही अनोळखी फळं नुसती पाहिली, काही चाखली. नुसती पाहिलेली फळं मुलांना दिसायला बरी वाटू लागली, पण चव आवडायची तर चाखावंच लागलं. त्यांच्या आणि इतरांच्या कामातून आठ-दहा ते पंधरा वेळा चाखणं हा अंदाज पुढे आला. आपल्याकडे तिसऱ्या खेपेलाच ‘त्याला दोडका आवडत नाही’ असा शिक्का बसतो. चाखणं म्हणजे वाटीभर खाणं नव्हे. वाटाण्याएवढा तुकडा, जीभ लावून थुंकला तरी हरकत नाही.

आता जबरदस्तीचं बघा. हात धरून, नाक दाबून, गालावर चापट मारून भरवलेल्या घासानंतर मुलाच्या शरीरात काय चालू असतं? रडणं, उमासे, कधी उलटी. ‘काही झालं नाही’ हा धडा मिळायच्या वेळी बरंच काही झालेलं असतं. २००६ मध्ये एमी गॅलोवे, बर्च आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांना दोन प्रकारची सुपं दिली, त्यांतल्या एकाच्या वेळी ‘सूप संपव हं’ असं पुन्हा पुन्हा सांगितलं. बोलणं सौम्यच होतं, तरी ज्या सुपाचा आग्रह झाला नाही ते मुलं जास्त प्यायली, आणि आग्रह झालेल्या सुपाबद्दल जास्त कुरकुरली. चिऊच्या-काऊच्या घासाला माझा विरोध नाही. मूल हसत तोंड उघडत असेल तर चालू द्या. मोबाइल दाखवून भरवण्याला मात्र आहे. घास जातो खरा, पण पोराचं लक्ष ना चवीकडे असतं ना पोट भरल्याकडे, मग ओळख व्हायची कशी?

याच यंत्रणेची दुसरी बाजू सिएटलच्या इलीन बर्नस्टाइन यांनी १९७८ मध्ये दाखवली. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांना मळमळ आणणाऱ्या औषधाच्या आधी त्यांनी एका नव्या चवीचं आईस्क्रीम दिलं. पुढे त्या मुलांनी ते आईस्क्रीम बहुतेक वेळा नाकारलं. आईस्क्रीम! आणि आजारपण औषधाचं आहे हे मोठ्या मुलांना माहीत असूनही. घरातला याचा अवतार म्हणजे कडू गोळी शिऱ्यात लपवणं, किंवा जुलाब-उलट्या चालू असताना ‘निदान हे तरी खा’ म्हणून नवा पदार्थ पुढे करणं. आजारात ओळखीचा मऊ भात बरा.

बक्षिसाचं प्रकरण इतकं सरळ नाही. ‘पालक संपवलास तर चॉकलेट’ म्हटलं की पालक ही शिक्षा आणि चॉकलेट हा मान ठरतो. पण ब्रिटनमधल्या काही अभ्यासांत नुसतं चाखल्याबद्दल एखादा स्टिकर दिल्याने फायदाच दिसला. तुकडा लहान, बक्षीस क्षुल्लक आणि खाण्याचं नसलेलं, तर चालावं.

राहिलं मीठ-मोहरी. ‘दृष्ट काढली आणि संध्याकाळी कसा वाटीभर वरणभात खाल्लान!’ हे वाक्य खोटं नसतं. बर्च यांनी १९९१ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या प्रत्येक जेवणाचं मोजमाप केलं, तेव्हा एकेका जेवणातल्या कॅलरी सरासरी ३३.६ टक्क्यांनी वरखाली होत होत्या, पण दिवसभराची बेरीज फक्त १०.४ टक्क्यांनी. दुपारी न जेवलेलं पोर बहुतेकदा रात्री भरून काढतं. मधल्या वेळात मोहरी जाळली की श्रेय मोहरीला. भूक वाढवणाऱ्या टॉनिकांची चलतीही बरीचशी यावरच आहे. त्यांतल्या काहींमध्ये सायप्रोहेप्टाडिन असतं, जे मुळात ॲलर्जीवरचं, झोप आणणारं औषध आहे; डॉक्टरांनी तपासून दिलं तर ठीक, दुकानातून मागून आणू नये. आणि डब्यातल्या चॉकलेटी भुकट्यांबद्दल एवढंच, की एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढायला सांगितली.

जेवत नाही म्हणून दूध, आणि दूध प्यायला म्हणून जेवत नाही, हे चक्र मात्र खरंच नुकसान करतं. दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात. पाऊण लिटर म्हशीच्या दुधात सातशेहून अधिक येतात, आणि लोह जवळजवळ शून्य. लोह कमी पडलं की भूक आणखी मरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या भारतीय मुलांत रक्तक्षय ६७.१ टक्के निघाला. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटरच्या आत दूध पुरे, तेही जेवणाच्या तोंडावर नको.

इथवरचं सगळं धडधाकट, फक्त चोखंदळ मुलांबद्दल झालं. काही मुलं मात्र याच्या पलीकडची असतात. वजन थांबतं किंवा उतरतं, खाण्याच्या पदार्थांची यादी वाढायच्या ऐवजी आकसत जाते, एका विशिष्ट कंपनीचं बिस्किटच चालतं, गिळताना ठसका लागतो, घास गालात साठवून ठेवला जातो, घशात अडकण्याच्या भीतीने घन पदार्थच बंद होतात. स्वमग्न मुलांत हे बरंच दिसतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत २०१३ पासून याला ‘आर्फिड’ हे स्वतंत्र नाव आहे. यात वजन वाढण्याची किंवा दिसण्याची चिंता नसते. पण ‘भूक लागेल तेव्हा खाईल’ हा सल्ला इथे लागू होत नाही. ही मुलं खरोखर उपाशी राहू शकतात. काही वेळा अडचण मनाची नसून चावण्याची असते. ब्रिस्टल परिसरातल्या मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात, दहाव्या महिन्यानंतर उशिरा गुठळ्यांचं अन्न सुरू झालेल्या मुलांत पुढे खाण्याच्या तक्रारी जास्त आढळल्या. दीड वर्षाच्या मुलाची खिचडी अजून मिक्सरमधून काढत असाल, तर हे वाक्य तुमच्यासाठी.

अशा वेळी आधी बालरोगतज्ज्ञ, मग गरजेनुसार वाचा व गिळण्याचे उपचार करणारे थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत यातली बरीच मदत मोफत मिळते. जाताना मूल आठवडाभरात काय काय खातं त्याची यादी आणि जेवतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ सोबत न्या; तपासणीच्या खोलीत कुठलंच पोर घरच्यासारखं खात नाही.