बटण बंद, तरी एलईडी मिणमिणतो

रात्री बटण बंद केलं, खोली काळोखी झाली, आणि तरी बल्ब अंधुक मिणमिणतोय किंवा काही सेकंदांनी एकदा लुकलुकतोय, ही तक्रार पावसाळ्यात जास्त ऐकू येते. बहुतेक घरांत बल्ब बदलून बघतात. दुसऱ्या कंपनीचा बल्ब तसं करत नाही म्हटल्यावर विषय मिटतो. तो मिटू देऊ नये. या मिणमिणण्यामागे बऱ्याचदा वायरिंगमधली एक जुनी चूक असते: बटण फेजच्या (वीज आणणाऱ्या) तारेत बसायला हवं, ते न्यूट्रलच्या (वीज परत नेणाऱ्या) तारेत बसलेलं असतं.

दिवा लागण्या-विझण्यापुरतं पाहिलं तर दोन्हींत फरक दिसत नाही. फेज, बल्ब, बटण आणि न्यूट्रल हे एकच वेटोळं आहे. ते कुठेही तोडलं तरी दिवा विझतो. फरक पडतो तो तोडल्यानंतर उरलेल्या भागात. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, म्हणून जमिनीच्या तुलनेत त्यावर जेमतेम एक-दोन व्होल्ट सापडतात. फेजवर 230 व्होल्ट. बटण फेजमध्ये असेल तर ते बंद करताच होल्डर निर्जीव होतो. बटण न्यूट्रलमध्ये असेल तर होल्डर, बल्ब आणि तिथून बटणापर्यंत आलेली तार हे सगळं दिवा विझलेला असतानाही फेजला जोडलेलं राहतं.

आता हे 230 व्होल्ट वाट शोधतात. पाइपातून शेजारी शेजारी गेलेल्या दोन तारा मिळून एक छोटा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा घटक, तयार होतो. दहा मीटर लांबीला तो साधारण 1 नॅनोफॅरड धरला, तर 50 हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे 32 लाख ओहम भरतो आणि त्यातून 70 मायक्रोअँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. जुन्या 60 वॅटच्या तारेच्या बल्बला एवढ्या प्रवाहाचा पत्ताही लागत नसे. एलईडीच्या आतला रेक्टिफायर (उलटसुलट प्रवाह एकाच दिशेचा करणारा भाग) मात्र तो थेंबाथेंबाने कपॅसिटरमध्ये साठवतो, आणि पुरेसा साठला की बल्ब उजळतो. त्यात भर चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीची. चिरा सच्छिद्र, जून ते सप्टेंबर तो पाणी पितो. पाइपात ओल शिरली, वायरचं आवरण जुनं झालं असलं, की गळतीचा प्रवाह आणखी वाढतो. बल्ब इथे फक्त चाडी सांगतो आहे.

ही चूक जिवावर बेतते ती बल्ब काढताना. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी घराघरांत रंगकाम होतं, स्टुलावर चढून दिवे पुसले जातात, नवे होल्डर बसतात. बटण बंद आहे या भरवशावर हात होल्डरच्या पिनेला लागतो. ओल्या त्वचेचा अडथळा हजार ओहमपर्यंत उतरू शकतो, म्हणजे शरीरातून 200 मिलिअँपिअरच्या घरात प्रवाह जाऊ शकतो. आरसीसीबी, म्हणजे प्रवाह जमिनीकडे गळू लागताच वीज तोडणारी कळ, 30 मिलिअँपिअरला पडते, ती असेल तर वाचवेल. पण ही चूक ती दाखवत नाही, आणि जुन्या घरांत पुष्कळदा ती नसतेच. भारतीय विद्युत नियम, 1956 मध्येच हे स्पष्ट होतं: फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारं जोडबटण सोडून न्यूट्रलमध्ये दुसरं कुठलंही बटण किंवा फ्यूज घालायचा नाही.

तपासणी करताना एक फसगत होते. बोर्ड उघडून, बटण बंद ठेवून दोन्ही टोकांना टेस्टर लावला, तर बरोबर जोडणीत एक टोक पेटतं आणि एक विझलेलं राहतं. चुकीच्या जोडणीतही नेमकं तेच दिसतं, कारण फेज बल्बमधून फिरून बटणाच्या एका टोकापर्यंत आलेला असतो. म्हणून बटण चालू करा, दिवा लागू द्या आणि मग दोन्ही टोकं तपासा. दोन्हींवर टेस्टर पेटला तर बटण फेजमध्ये आहे. दोन्हींवर विझलेला राहिला आणि दिवा तर लागलेला आहे, तर बटण न्यूट्रलमध्ये आहे. बोर्ड उघडायचा नसेल तर बल्ब काढा, बटण बंद करा आणि होल्डरच्या दोन्ही पिना तपासा. एकही पेटता कामा नये. टेस्टरचा दांडा टोकापर्यंत आवरणाचा असावा, नाहीतर पीन आणि होल्डरची धातूची कडी यांची गाठ पडून शॉर्ट होतो. शिवाय निऑनचा टेस्टर शेजारच्या तारेच्या प्रभावानेही मंद पेटतो. शंका असेल तिथे मल्टिमीटरने अर्थिंगपासून व्होल्ट मोजा.

दुरुस्तीआधी त्याच बोर्डावरचा पाच पिनांचा सॉकेट जरूर बघा. समोरून पाहताना, मोठं अर्थिंगचं भोक वर असताना, फेज उजव्या भोकात हवा. तो डाव्या भोकात सापडला, इतर खोल्यांतही तसंच असलं, तर उलटापालट बोर्डात नसून मेन किंवा मीटरच्या बाजूला आहे. अशा वेळी एका बोर्डातल्या तारा बदलणं म्हणजे चुकीवर चूक. त्याहून वाईट म्हणजे सिंगल पोल एमसीबी (एकच तार तोडणारी, जादा प्रवाहाला आपोआप पडणारी कळ) तेव्हा न्यूट्रलमध्ये बसलेली असते. ती पाडली तरी अख्खं सर्किट जिवंत. म्हणून फक्त एमसीबीवर विसंबू नका. दोन्ही तारा तोडणारा डबल पोल मेन पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन पडताच तो आपला फेज त्याच दिव्यांना देऊ लागतो. मग टेस्टर आधी चालू जागी लावून तो चालतो याची खात्री करून घेतलेली असावी, आणि तोच बोर्डातल्या प्रत्येक तारेला लावावा.

चूक एकाच दिव्याची असेल तर दोनच तारा जागा बदलतात. दिव्याकडून थेट फेजच्या झुपक्यात (एकत्र जोडलेल्या तारांत) गेलेली तार सोडवून न्यूट्रलच्या झुपक्यात घालायची, आणि बटणाच्या टोकाकडून न्यूट्रलच्या झुपक्यात गेलेली तार सोडवून फेजच्या लूपवर (बटणाबटणांना फेज देणाऱ्या तारेवर) आणायची. खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि प्रत्येक तारेला टेपची खूण करा. रंगांवर जाऊ नका. नियमाने फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवा असतो, पण चूक झालेल्या बोर्डात रंगही चुकलेले असू शकतात. दोनपैकी पहिली विसरून दुसरीच हलवली, तर दिव्याच्या दोन्ही टोकांना फेज येतो: दिवा कधीच लागत नाही आणि होल्डर कायम जिवंत राहतो. कोणीतरी मग ‘बल्ब गेला’ म्हणून तिथे हात घालतो.

जोड नीट व्हायला हवा. 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचं आवरण आठ ते दहा मिलिमीटर सोलून, तंतू पिळून, टोक दुमडून स्क्रूखाली घ्या. एकही तंतू बाहेर डोकावू नये. आवळल्यावर तार ओढून बघा. झुपका नुसत्या टेपने गुंडाळण्यापेक्षा कनेक्टरमध्ये बसवलेला बरा. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवी पुटं चढतात. तेवढा भाग कापून नवं तांबं उघडं करा, नाहीतर तिथला अडथळा वाढून जोड तापतो.

दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांची जशीच्या तशी अदलाबदल सोडली, तर वायरिंगचं काम परवानाधारकाकडूनच करवून घ्यायचं असतं. त्यामुळे हे काम वायरमनलाच द्या. पण त्याने काय केलं हे पाहता येण्याइतकं ज्ञान घरच्यांकडे असायला हवं. तो गेल्यावर बटण चालू असतानाची चाचणी पुन्हा करून घ्या. दिवा लावताच आरसीसीबी पडू लागली, तर दिव्याचा न्यूट्रल बहुधा दुसऱ्याच सर्किटच्या झुपक्यात गेला आहे.

जिन्याच्या टू-वे बटणांत (एकच दिवा वरून आणि खालून लावणाऱ्या) फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच बटणावर आणण्याची जुनी काटकसर अजून सापडते. तिच्यात दिवा विझलेला असताना कधी दोन्ही टोकांना न्यूट्रल असतो, कधी दोन्ही टोकांना फेज. ती जोडणी मुळापासून बदलावी लागते.

बटण फेजमध्ये असूनही मिणमिण उरली, तर बटणातली खुणेची निऑन बत्ती किंवा लांबलचक समांतर तारा हे कारण. तेव्हा होल्डर धोकादायक नसतो. निऑन काढा, नाहीतर दिव्याला समांतर 0.1 मायक्रोफॅरडचा, 275 व्होल्ट एसीचा एक्स-2 वर्गातला (थेट मेनच्या विजेवर जोडण्यासाठीचा) कपॅसिटर 100 ओहमच्या रोधकासह बसवून घ्या. बाजारात तो याच कामासाठी तयार डबीतही मिळतो. पण बटण न्यूट्रलमध्ये असताना तो बसवायचा नाही: मिणमिण जाईल, फेज तिथेच राहील.