बॉयकॉट (शब्द)

बॉयकॉट हा इंग्रजी शब्द नाम आणि क्रियापद अशा दोन्ही रूपांत चालतो. निषेध नोंदवण्यासाठी किंवा दबाव आणण्यासाठी अनेकांनी मिळून एखाद्या व्यक्तीशी, संस्थेशी अथवा देशाशी व्यवहार तोडणे हा त्याचा मुख्य अर्थ असून, मालाची खरेदी, सभा, निवडणूक किंवा क्रीडास्पर्धा यांपासून ठरवून दूर राहण्यासही तो लावला जातो.

हा शब्द मुळात आडनाव आहे. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट (१८३२–१८९७) हा एकेकाळी सैन्यात असलेला इंग्रज, पश्चिम आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८७९ मध्ये पीक बुडाल्यानंतर कुळांची हलाखी वाढली. पुढच्या वर्षी त्यांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. मालक दहा टक्क्यांपलीकडे जाईना. १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत आयरिश नेते चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांनी, बेदखल झालेल्या कुळाची जमीन घेणाऱ्याला मारहाण न करता रस्त्यात, दुकानात, बाजारात, प्रार्थनास्थळातही एकटे पाडावे, असे सांगितले होते. काही दिवसांतच बॉयकॉटने कुळांवर बेदखलीच्या नोटिसा काढल्या आणि हेच शस्त्र त्याच्यावर उलटले. गडीमाणसे काम सोडून गेली, दुकानदार माल देईनात, शेतातले पीक उभेच राहिले. अखेर कॅव्हन व मोनाहन परगण्यांतून आलेल्या सुमारे पन्नास स्वयंसेवकांनी शेकडो सैनिकांच्या पहाऱ्यात ते काढले. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च बंदोबस्तावर झाला, आणि डिसेंबरच्या आरंभी बॉयकॉटने आयर्लंड सोडले.

अमेरिकी पत्रकार जेम्स रेडपाथ यांच्या हकिगतीनुसार, या कृतीसाठीचा रूढ इंग्रजी शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही म्हणून स्थानिक धर्मगुरू जॉन ओ'मॅली यांनी कारभाऱ्याच्या आडनावाचेच क्रियापद सुचवले. त्याच वर्षी ते वृत्तपत्रांत आले आणि पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांनीही उचलले. ज्यांनी हे शस्त्र चालवले त्या कुळांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत. ज्याच्यावर ते चालले त्याचे मात्र जगभर झाले.

कृती शब्दाहून जुनी आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील करडे गावी १८७४ मध्येच रयतेने सावकाराशी व्यवहार तोडला होता. पाणके, न्हावी, नोकरचाकर यांनी त्याच्याकडे जाणे बंद केले. १९०५ च्या वंगभंगानंतर लोकमान्य टिळकांनी स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण व स्वराज्य यांच्या जोडीने पुरस्कारिलेला 'बहिष्कार' हा बॉयकॉटचा मराठी पर्याय म्हणून रुळला. तथापि या मराठी शब्दाला जातिबहिष्काराचा, वाळीत टाकण्याचा जुना अर्थही चिकटलेला आहे, आणि तो विसरून चालणार नाही. दुर्बलांनी सत्तेविरुद्ध घेतलेला असहकार आणि जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाची केलेली कोंडी या नैतिकदृष्ट्या सर्वस्वी भिन्न गोष्टी होत. दुसऱ्या प्रकाराविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा संमत केला असून, त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.