पॅच, मेमरी आणि नॉब: सिंथेसायझरवर आवाज घडवण्यामागचा इतिहास

सिंथेसायझरवर जतन केलेला एखादा आवाज लावावा, फिल्टरचा नॉब जरासा हलवावा, आणि आवाजाने एकदम उडी मारावी, हा अनुभव नव्याने सिंथ घेतलेल्या प्रत्येकाला येतो. यंत्र बिघडलंय असंच वाटतं. खरं तर नॉब पॅनेलवर एका जागी उभा असतो आणि मेमरीतल्या आवाजात त्याची नोंद दुसऱ्याच जागेची असते. हात लागताच नॉब स्वतःची जागा खरी धरतो. ही तफावत सिंथमध्ये रुळली १९७८ पासून. त्याआधी ती क्वचितच यायची, कारण बहुतेक यंत्रांना लक्षात ठेवताच येत नव्हतं.

अमेरिकन अभियंते रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्यासोबत १९६४ मध्ये सिंथचा जो नमुना बनवला, त्यात प्रत्येक काम वेगळ्या मॉड्यूलकडे होतं. ऑसिलेटर सूर काढणार, फिल्टर त्यातला चरचरीतपणा कापणार, अँप्लिफायर जोर ठरवणार. या सगळ्यांना बांधणारी कल्पना व्होल्टेजची. व्होल्टेज एक व्होल्टने वाढलं की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. त्यामुळे कीबोर्डच काय, दुसरा एखादा संथ ऑसिलेटरही सुराला हलवू शकतो. कोणी कोणाला हलवायचं हे ठरायचं तारांनी. या जोडतारा म्हणजे पॅच कॉर्ड, आणि त्या जोडून तयार झालेली मांडणी म्हणजे पॅच. तारा गेल्या, तरी आवाजाचं नाव तेच राहिलं.

आवाजाला सुरुवात आणि शेवट देण्याची गोष्ट तर फार सुंदर आहे. ऑसिलेटर एकदा सुरू झाला की अखंड वाजत राहतो, त्याला श्वास नसतो. सुराला आघात मिळावा म्हणून त्या पहिल्या प्रयोगांत चक्क दरवाजाच्या घंटीचं बटण वापरलं गेलं. एका हाताने कीबोर्ड वाजवायचा, दुसऱ्याने बटण दाबायचं. पुढे १९६५ मध्ये संगीतकार व्लादिमिर उसाचेव्स्की यांनी मूग यांच्याकडून उपकरणं करवून घेताना आघाताचे चार टप्पे मागितले: सूर चढायला लागणारा वेळ, चढून थोडा खाली येण्याचा वेळ, कळ दाबलेली असताना टिकणारी पातळी आणि सोडल्यावर विरण्याचा वेळ. एआरपी कंपनीने हेच टप्पे अॅटॅक, डीके, सस्टेन, रिलीज या सुटसुटीत नावांनी रूढ केले. यातले तीन म्हणजे वेळ आणि सस्टेन तेवढी पातळी, हे ध्यानात न आल्यामुळे नवशिके आजही अडखळतात.

त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुक्ला स्वतंत्रपणे अशीच यंत्रं बनवत होते, आणि पियानोसारखा कीबोर्ड त्यांनी मुद्दाम टाळला. लंडनच्या ईएमएस कंपनीने १९६९च्या व्हीसीएस ३ या सिंथमध्ये तारांऐवजी १६ बाय १६ भोकांची जाळी दिली. पिन खोचली की जोडणी झाली.

पण वाजवणाऱ्यांच्या हाती सिंथ खऱ्या अर्थाने आला तो १९७० च्या मिनीमूगने. इथे जोडण्या आतच पक्क्या केलेल्या होत्या. स्वातंत्र्य कमी झालं, ही तक्रार रास्तच. पण त्या पॅनेलइतका चांगला शिक्षक मला दुसरा माहीत नाही. डावीकडून उजवीकडे नुसतं वाचत जायचं: ऑसिलेटर, मिक्सर, फिल्टर, आउटपुट. आवाज ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने नजर जाते. तीन ऑसिलेटरपैकी दुसरा पहिल्यापेक्षा केसभर चढा लावला की दोघांच्या घर्षणातून सूर लाटेसारखा हलू लागतो आणि एकाचा भरदार आवाज होतो. मग फिल्टर जवळजवळ बंद करून त्याला एन्व्हलप (म्हणजे आघाताच्या त्या टप्प्यांची मांडणी) लावला, की प्रत्येक सूर तोंड उघडल्यासारखा फुटतो. आवडलेला आवाज पुन्हा हवा असेल, तर पॅनेलच्या छापील चित्रावर प्रत्येक नॉबची खूण करून ठेवायची. मैफलीत दोन गाण्यांच्या मधे तो कागद बघून सगळं परत लावायचं, तोवर गरम झालेल्या ऑसिलेटरचा सूर सरकलेला असायचाच.

१९७८ मध्ये डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल सर्किट्सने प्रॉफेट-५ आणला. आत मायक्रोप्रोसेसर होता. प्रत्येक नॉबची स्थिती आकड्यात उतरवून तो जपून ठेवायचा, असे ४० आवाज. पाचही व्हॉइस (एका वेळी वाजू शकणारे पाच स्वतंत्र सूर) आपोआप सुरात लावण्यासाठी वेगळं बटण होतं. कलाकारांची मोठीच सोय झाली, आणि त्याच क्षणी पॅनेल आणि आवाज यांची फारकत झाली. बनवणाऱ्यांना हे पुरतं ठाऊक होतं. ‘प्रीसेट’ बटण बंद केलं की यंत्र मेमरी सोडून देतं आणि नॉब जिथे आहेत तोच आवाज देतं. सिंथ शिकणाऱ्याने हे बटण सर्वांत आधी शोधावं. पुढच्या अनेक यंत्रांवर तेच ‘मॅन्युअल’ नावाने भेटतं.

१९८३च्या यामाहा डीएक्स७ने तर नॉबच काढून टाकले. जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्डमध्ये १९६७ मध्ये शोधलेलं एफएम (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन) तंत्र त्यात होतं: एका लहरीने दुसरीची वारंवारता झपाट्याने हलवायची आणि त्यातून नवे स्वरांश उपजवायचे. मूळ सुराच्या १४ पट वेगाची लहर क्षणभर मिसळली की इलेक्ट्रिक पियानोची ती काचेसारखी किणकिण मिळते. सहा ऑपरेटर (अशा लहरी काढणारे घटक), त्यांच्या ३२ मांडण्या, आणि हे सगळं बदलायला दोन ओळींचा पडदा नि एक स्लायडर! एका वेळी एकच आकडा दिसायचा. बहुतेकांनी कंपनीने भरून दिलेलेच आवाज वाजवले, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. कान काय मागतोय ते कळत होतं, पण हात कुठे न्यायचा ते कळत नव्हतं.

१९९५च्या नॉर्ड लीडने डिजिटल यंत्रावर नॉब परत आणले आणि उडीचा प्रश्नही सोबत परतला. म्हणून आता बहुतेक सिंथच्या सेटिंगमध्ये पर्याय असतो: नॉबने लगेच उडी मारावी, की जतन केलेली जागा ओलांडेपर्यंत गप्प राहावं. मी स्वतः दुसरा पर्याय ठेवतो. वाजवताना आवाज अचानक तुटण्यापेक्षा नॉब क्षणभर मुका राहिलेला बरा.

२०२० मध्ये प्रॉफेट-५ नव्याने आला, तेव्हा त्यावर एक जादा नॉब होता, ‘व्हिंटेज’. एका टोकाला पाचही व्हॉइस चोख सुरात, आणि नॉब फिरवत नेला तसा प्रत्येकीचा सूर, फिल्टर आणि एन्व्हलप थोडाथोडा सुटा होत जातो, पहिल्या प्रॉफेटमध्ये व्हायचा तसा. त्या नॉबची जागाही मेमरीत आवाजासोबत जतन होते.