इनिशिएटिव्ह आणि सरप्राइज: आधी कोण, बेसावध कोण

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकत कथा रचायच्या खेळात खेळाडू म्हणतो, ‘मी बाण सोडतो!’ डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणतो, ‘थांब, सगळ्यांनी इनिशिएटिव्ह टाका.’ झालं, वाद सुरू. रविवारी दादरला कुणाच्या हॉलमध्ये जमलेला ग्रुप असो नाहीतर मुलुंडचा, तक्रार तीच: आम्ही त्यांना गाफील गाठलंय, मग पहिला वार आमचाच हवा ना? तक्रार मनापासूनची असते, पण तिच्यात दोन वेगळे नियम एक झालेले असतात.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या नियमांत इनिशिएटिव्ह फक्त पाळीचा क्रम लावतं. प्रत्येकानं डी२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) मॉडिफायर, म्हणजे पात्राचा ठरलेला आकडा, मिळवायचा; मोठ्या आकड्याची टर्न (पाळी) आधी. हा क्रम लढाई संपेपर्यंत तोच राहतो. लढाईला तोंड फुटलं तेव्हा बेसावध कोण होतं, हे सरप्राइज सांगतं. ते डीएम ठरवतो, लपणाऱ्यांचा स्टेल्थ (लपण्याचा फासा) आणि समोरच्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता धरलेली सावधगिरी) ताडून. जो बेसावध, त्याला पहिल्या टर्नमध्ये हलता येत नाही की ॲक्शन घेता येत नाही, आणि ती टर्न संपेपर्यंत रिॲक्शनही (एखाद्या घटनेवरचा झटपट प्रतिसाद) नाही.

समजा, तुमच्या कथेत शिवडीचा किल्ला आहे. पार्टी, म्हणजे खेळाडूंची टोळी, अंधारात खाडीच्या चिखलातून वर चढते आणि बुरुजावर दोन पहारेकरी आहेत. सगळ्यांचा स्टेल्थ पहिल्याच्या पर्सेप्शनपेक्षा जास्त आला, तर तो बेसावध. दुसऱ्याचे कान तिखट असतील आणि चेनमेल (कड्यांचं चिलखत) घातलेल्या पॅलडिन योद्ध्याची खणखण त्यानं ऐकली, तर तो सावध. म्हणजे एकाच बाजूचा एक गाफील आणि एक तयार असू शकतो. पार्टीतला एक जण जरी कळला, तरी त्या पहारेकऱ्यापुरता सरप्राइज गेला.

खरी गंमत पुढे आहे. बेसावध पहारेकऱ्याला इनिशिएटिव्हमध्ये १९ आले आणि तुमच्या असॅसिनला (दबा धरून मारणाऱ्या पात्राला) १२. पहारेकऱ्याची टर्न आधी येते आणि काहीही न करता जाते. पण ती संपली की तो बेसावध उरत नाही. असॅसिनचा हमखास क्रिटिकल (जास्त इजा करणारा वार) बेसावध शत्रूवरच लागतो, त्यामुळे तोही हातचा गेला. शिवाय पहारेकऱ्याची रिॲक्शन आता मोकळी झाली. खेळाडूला हे फार लागतं, पण माझ्या मते नियम चोख आहे: लपण्याचं कौशल्य एक, हाताची चपळाई दुसरी, आणि असॅसिनला दोन्ही साधावी लागतात. २०१४ च्याच पुस्तकातली अलर्ट ही फीट (पात्राला घेता येणारी खास क्षमता) पाहिली तरी हे दिसतं. इनिशिएटिव्हला ५ मिळतात हे तिच्यातलं एक कलम. शुद्धीत असताना तुम्ही बेसावध सापडत नाही, हे वेगळं.

पूर्वीच्या खेळाडूंना ‘सरप्राइज राउंड’, म्हणजे फक्त सावध असलेल्यांना मिळणारी पहिली फेरी, आठवतो. तो २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीतला, पाचवीत, म्हणजे २०१४ च्या नियमांत, तो नाहीच. १९८१ च्या बेसिक संचात तर दोन्ही गोष्टी बाजूवार आणि सहा बाजूंच्या डी६ वर होत्या: १ किंवा २ आले की ती बाजू गाफील, आणि इनिशिएटिव्ह दर राउंडला नव्यानं.

२०२४ च्या नियमांनी मात्र दोन्ही एकत्र बांधले. आता बेसावध असणाऱ्याला इनिशिएटिव्ह डिसॲडव्हांटेजनं टाकावं लागतं, म्हणजे दोन डी२० आणि लहान आकडा घ्यायचा. टर्न बुडत नाही. नीट लपलेल्याला उलट ॲडव्हांटेज मिळतो. हिशेब सोपा झाला आणि नवख्यांना ते बरं. पण दबा धरून बसण्याची धार बोथट झाली, असं मला वाटतं. टेबलावर निम्म्यांकडे जुनं आणि निम्म्यांकडे नवं पुस्तक असेल, तर पहिल्या लढाईआधीच कुठला नियम चालणार ते बोलून घ्या.

आणि समोरासमोर बोलता बोलता कुणी अचानक खंजीर उपसला तर? २०१४ च्या पुस्तकानुसार शत्रू त्याला पाहतो आहे, त्यामुळे सहसा सरप्राइज नाही. इनिशिएटिव्ह टाकायचं. उपसणाऱ्याचा आकडा खाली आला, तर समोरच्यानं त्याचा हात कमरेकडे जाताना पाहिला आणि तो आधी हलला.