मुंबईचा रॅप आणि मराठी रॅप

'मराठी रॅप ऐकायचाय, सुरुवात कुठून करू?' असं कुणी विचारलं की हमखास डिव्हाईन नाहीतर एमसी स्टॅन ही नावं पुढे येतात. एक अंधेरीचा, दुसरा पुण्यातल्या ताडीवाला रोडचा. दोघंही इथलेच, आपापल्या वस्तीचं नाव अभिमानाने घेणारे. पण दोघांचीही गाणी बहुतांशी हिंदीत आहेत. विचारणारा ती ऐकतो, त्याला आवडतातही, आणि मराठी रॅप म्हणजे हाच असं तो धरून चालतो. मराठीत रॅप करणारी अमरावतीची किंवा धारावीची पोरं त्याच्या कानापर्यंत पोचतच नाहीत. मला हे मनापासून खटकतं.

मुंबईच्या रॅपमध्ये पत्ता आधी येतो. नेझी हा रॅपर कुर्ल्याचा. कुर्ल्याचा पिनकोड 400070, म्हणून त्याचा भाग 'बॉम्बे 70'. त्याने 'आफत' हे गाणं 2014 मध्ये आयपॅडवर रेकॉर्ड केलं. डिव्हाईनचं 'ये मेरा बॉम्बे' त्याच्या आदल्या वर्षीचं, आणि दोघांचं मिळून 'मेरे गली में' 2015 चं. पत्ता आधी सांगायची ही रीत रॅपच्या जन्मापासूनची आहे. 1973 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कने ज्या इमारतीत पार्टी केली तिचा पत्ता, 1520 सेजविक अव्हेन्यू, रॅपवेड्यांना आजही पाठ असतो. कुठला आहेस ते आधी सांग, बाकीचं मग.

या पत्त्यावर जी भाषा बोलली जाते तीच गाण्यात येते, आणि ती बंबइया हिंदी. 'वाट लगना', 'येडा' हे तिच्यातले शब्द आपल्याच घरचे. एका भिंतीपलीकडे कोकणी, दुसऱ्या भिंतीपलीकडे भोजपुरी, समोर तमिळ, अशा वस्तीत नळावरच्या रांगेत सगळ्यांना कळेल अशी जी भाषा तयार झाली, ती ही. तिला मराठी म्हणणं चूक आहे, आणि मराठी नाही म्हणून परकी मानणं त्याहून मोठी चूक.

मराठी रॅपचं काम वेगळ्या जागी सुरू होतं. तिथे पहिला प्रश्न असतो, कुठली मराठी?

हे नीट कळायला यमक बघावं लागतं. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे 'येतो, जातो, बघतो' अशी यमकं फुकट मिळतात आणि चार ओळींत कंटाळवाणी होतात. चांगला रॅपर क्रियापद उचलून मध्ये टाकतो आणि ओळीच्या टोकाला नाम आणतो. आता बोलीची गंमत बघा. प्रमाण मराठीत 'काळा'ला 'शाळा', 'माळा', 'उन्हाळा' असे 'ळा'वालेच सोबती. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. 'काळा'चा 'काया', 'शाळे'ची 'शाया', 'डोळ्या'चा 'डोया'. म्हणजे 'काया'ला एकदम 'माया', 'छाया', 'वाया' हे सगळे जोडीदार मिळतात. 'मला', 'तुला'च्या जागी 'मले', 'तुले' आलं की ओळीचा ठोकाही बदलतो. वऱ्हाडी रॅपरचं शब्दभांडारच पुण्याच्या रॅपरपेक्षा निराळं असतं, आणि ते त्याच्या बोलीने त्याला दिलेलं असतं. नुसतं 'बे' किंवा 'काऊन' पेरून हे साधत नाही.

पण मुंबईचा हिंदी रॅप आणि मराठी रॅप या दोन खणांत सगळं नीट बसत नाही. धारावीच्या डोपॅडेलिक्स या चमूचं पोलिसांच्या जाचावरचं 'आई शपथ साहेब मी नव्हतो' मराठीत आहे, आणि हीच मुलं 2018 मध्ये 'काला' या तमिळ चित्रपटाच्या गाण्यांत आहेत. स्वदेसी या मुंबईच्या चमूत मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषा एकत्र नांदतात. त्यातला गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड मार्च 2022 मध्ये वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. आरेच्या जंगलासाठी स्वदेसीने 2019 मध्ये केलेल्या 'द वारली रिव्होल्ट'मध्ये आरेतले आदिवासी गायक प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. ते गाणं मुंबईचंच, पण गल्लीचं नाही. मुंबईत अजून शिल्लक असलेल्या पाड्याचं. मला ते या सगळ्यांत सर्वांत जवळचं वाटतं.

मुंबईचा रॅप म्हणजेच मराठी रॅप समजण्याचा घोळ गाणी ऐकायच्या अॅपमुळे वाढतो. फेब्रुवारी 2019 मध्ये मुंबईच्या रॅपवरचा 'गली बॉय' हा सिनेमा आला आणि त्याच महिन्यात स्पॉटिफाय भारतात सुरू झालं, त्यामुळे अनेकांचा रॅप ऐकणं आणि अॅपवर ऐकणं यांचा श्रीगणेशा जवळपास एकदमच झाला. अॅपला बोली कळत नाही. त्याला मुख्यतः दोन गोष्टी दिसतात: गाण्यावरचा भाषेचा शिक्का, आणि हे गाणं ऐकणारे दुसरं काय ऐकतात. अर्धं मराठी अर्धं हिंदी गाणं एका शिक्क्याखाली ढकललं जातं. 'मराठी' निवडलं की माझ्या फोनवर हळदीची गाणी आणि कोळीगीतं येतात, 'हिप-हॉप' निवडलं की दिल्ली आणि पंजाब. वऱ्हाडी रॅप या दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो.

मला तो सापडला तो विदर्भ एक्स्प्रेसमध्ये. मुंबईला परतत होतो. रात्री बडनेऱ्याला एक कॉलेजचा मुलगा चढला, समोरच्या बर्थवर बसला आणि कानात इअरफोन घालून मांडीवर बोटांनी ताल धरू लागला. काय ऐकतोस विचारलं, तर त्याने एक इअरफोन काढून माझ्या हातात दिला. 'ऐका ना काका, आपल्या अमरावतीचा आहे.' दोन ओळी कळल्या, तिसरी निसटली. त्याने गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं.

नाव विचारलं तर माझा फोन घेऊन त्यानेच टाईप करून दिलं: 100 आरबीएच. शंभराचा 'सौ' आणि पुढे 'रभ', म्हणजे सौरभ. सौरभ अभ्यंकर, अमरावतीचा, स्वदेसीतलाच. 'मराठी रॅप' असं कितीही शोधलं असतं तरी हे आकडा आणि अक्षरांचं कोडं मला सुचलं नसतं. त्या मुलाने पुढची युक्तीही सांगितली: गाण्याखाली सोबत कुणाकुणाची नावं आहेत ती वाचायची, त्यातलं एक अनोळखी नाव उचलायचं आणि त्याच्या स्वतःच्या गाण्यांवर जायचं. अॅप काय सुचवतं तिकडे बघायचंच नाही. भुसावळ येईपर्यंत त्याने मला अशी पाच-सहा नावं उतरवून दिली होती, प्रत्येकासमोर कंसात गावासकट.