हॉट प्रेसिंग आणि रिअ‍ॅक्टिव्ह हॉट प्रेसिंग: यंत्र तेच, पावडर वेगळी

हॉट प्रेसिंग म्हणजे पावडर तापवत आणि दाबत घट्ट तुकडा बनवणं. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम केलेल्याला हॉट प्रेस समजावायला वेळ लागत नाही. ग्रॅफाइटची डाय (साचा), तीत पावडर, वरखाली दाबणारे पंच, भोवती निर्वात भट्टी. रिअ‍ॅक्टिव्ह हॉट प्रेसिंगलाही हेच लागतं, म्हणून दोन्हींची गल्लत होते.

फरक डाय भरतानाच पडतो. झिर्कोनियम डायबोराइड आणि सिलिकॉन कार्बाइडचं कॉम्पोझिट, म्हणजे दोन्हींचा मिश्र पदार्थ, घ्या. साध्या पद्धतीत या दोन्ही तयार पावडरी मिसळून दाबतात. पण हे बोराइड ३२०० अंश सेल्सिअसच्या वर वितळतं, त्याचे अणू सहजी हलत नाहीत, त्यात कणांवरचा ऑक्साइड आडवा येतो, म्हणून माल घट्ट होणं अवघड जातं.

रिअ‍ॅक्टिव्ह पद्धतीत २ मोल झिर्कोनियम, १ मोल सिलिकॉन आणि १ मोल बोरॉन कार्बाइड भरतात. डायमध्येच २ मोल डायबोराइड आणि १ मोल सिलिकॉन कार्बाइड तयार होतं, तेही बारीक कणांचं आणि एकमेकांत नीट मिसळलेलं. वर अभिक्रिया स्वतः उष्णता सोडते, ओतकामात रायझरवर (जादा धातू पुरवणाऱ्या पोकळीवर) बसवतात त्या उष्णता सोडणाऱ्या एक्झोथर्मिक स्लीव्हसारखी.

इथेच मोठा गैरसमज होतो: अभिक्रिया झाली की माल आपोआप घट्ट होतो. हिशेब उलटं सांगतो. वरच्या प्रमाणातला कच्चा माल, पोकळी न धरता, सुमारे ६२ घन सेंमी भरतो. त्यातून होणारा पदार्थ जेमतेम ४९.५. म्हणजे पाचवा हिस्सा आकारमान कमी होतं, आणि ती जागा दाबून मिटवली नाही तर छिद्रं म्हणून राहते. पदार्थ अभिक्रिया घडवते, घनता मात्र दाब आणि तापमानच आणतात. म्हणून आधी सावकाश तापवून अभिक्रिया उरकू द्यायची. घाई केली तर ती एका झटक्यात पेट घेऊ शकते. मग १९०० अंशांच्या आसपास, ३० मेगापास्कलसारख्या दाबाखाली धरून ठेवायचं.

माझ्या मते बारीक कणरचना हवी असेल तरच रिअ‍ॅक्टिव्ह वाट धरावी. झिर्कोनियमची बारीक पावडर हवेत पेटू शकते, ती हाताळायची तयारी आधी हवी. शिवाय या समीकरणातून सिलिकॉन कार्बाइड आकारमानाने २५ टक्क्यांच्या आसपासच मिळतं. प्रमाण बदलायचं तर तयार पावडर वेगळी घालावी लागते.

तपासण्याही दोन लागतात. क्ष-किरण विवर्तनात (कोणते स्फटिक तयार झाले ते दाखवणाऱ्या तपासणीत) बोराइड दिसलं म्हणजे फक्त अभिक्रिया झाली. घनता पाण्यात तोलून पाहायची: पूर्ण घट्ट तुकड्याची सुमारे ५.३७ ग्रॅम प्रति घन सेंमी यायला हवी. ४.८ आली, तर दहा टक्क्यांहून जास्त पोकळी अजून आत आहे.